राजा दंतकथेतला, पंचांग खरं

काल्पनिक साम्राज्य उभं करायचं तर लेखकाला काय काय लागतं? नकाशा, राजघराणं, एखादं मोठं युद्ध. आणि वाचकाला ते राज्य खरं वाटावं असं मनात असेल, तर स्वतंत्र कॅलेंडरही. इंग्रज लेखक टॉल्किन यांनी आपल्या गाजलेल्या कादंबरीच्या परिशिष्टात हॉबिट लोकांची कालगणना सविस्तर दिली आहे. ३० दिवसांचे १२ महिने आणि उरलेले ५ दिवस कोणत्याच महिन्यात न धरलेले. वर्षाच्या बरोबर मध्ये येणाऱ्या दिवसाला तर वारच नाही, त्यामुळे दर वर्षी तीच तारीख त्याच वारी येते.

हल्ली घरातली मुलं अशा काल्पनिक राज्यांत रमलेली असतात. त्यांना एकदा उज्जैनला घेऊन जा. इथलं साम्राज्य अर्धं दंतकथेतलं आहे, पण त्याचं कॅलेंडर मात्र आजही कोट्यवधी घरांच्या भिंतीवर टांगलेलं आहे.

संवत आधी, राजा नंतर

विक्रम-वेताळाच्या आणि सिंहासनबत्तिशीच्या गोष्टींतला राजा विक्रमादित्य उज्जैनचाच. त्याने शकांचा पराभव केला आणि त्या विजयाची आठवण म्हणून इ.स.पूर्व ५७ मध्ये विक्रम संवत सुरू केला, असं परंपरा सांगते. इतिहासाचे अभ्यासक मात्र इथे थबकतात. कारण जुन्या शिलालेखांत ही कालगणना आहे, पण विक्रमाचं नाव नाही. सुरुवातीला तिला ‘कृत’ म्हणत, पुढे ‘मालव’. उज्जैनच्या वायव्येला असलेल्या मंदसौरमध्ये रेशीम विणणाऱ्या कारागिरांनी सूर्यमंदिर बांधलं, त्याच्या शिलालेखात मालवगणाचं ४९३ वं वर्ष दिलं आहे, म्हणजे इ.स. ४३७. विक्रमाचं नाव या गणनेला ठळकपणे जोडलेलं दिसतं ते नवव्या शतकाच्या सुमारास.

म्हणजे मोजणी आधीपासून चालूच होती, राजाचं नाव तिला नंतर चिकटलं. तरीही नेपाळचं सरकारी कामकाज आजही याच संवतावर चालतं. गुजरातेत तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, उत्तरेत चैत्रात. आपल्याकडचा शालिवाहन शक इ.स. ७८ पासून मोजतात, म्हणून चैत्रात नवा संवत लागला की दोन्हींत नेमकं १३५ वर्षांचं अंतर दिसतं.

सावलीचं घड्याळ

क्षिप्रेच्या काठाजवळ जुनी वेधशाळा आहे. जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ती बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा त्यांच्या पाच वेधशाळा. मथुरेची आता उरलेली नाही. उज्जैनची वेधशाळाही मोडकळीला आली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करवून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचं काम सांभाळलं. तिचं नावही जिवाजी वेधशाळा असंच आहे.

जयपूरच्या मानाने ही जागा लहान आणि शांत. सम्राट यंत्रासमोर उभं राहिलं की आधी फक्त आकाशाकडे जाणारा एक जिना दिसतो. ती खरं तर त्रिकोणी भिंत आहे. तिची तिरकी कड जमिनीशी २३ अंश ११ कलांचा कोन करते, म्हणजे बरोबर उज्जैनच्या अक्षांशाइतका. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर राहते आणि ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखलेली असते. दोन्ही बाजूंना खुणा केलेल्या कमानदार पट्ट्या आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या पट्टीवर पडते, दुपारनंतर पूर्वेच्या. तासाला १५ अंश या गतीने ती सरकते. जरा वेळ तिथेच उभं राहिलं, तर सरकताना दिसतेही. मुलांना ‘पृथ्वी फिरते’ हे पुस्तकातलं वाक्य इथे पायाशी पाहायला मिळतं.

शेजारच्या नाडीवलय यंत्राला दोन तोंडं आहेत, एक उत्तरेकडे आणि एक दक्षिणेकडे. सूर्य उत्तर गोलार्धात असतो ते सहा महिने उत्तरेच्या तबकडीवर ऊन असतं, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास बाजू बदलते. एकाच दगडी यंत्रात घड्याळ आणि कॅलेंडर, दोन्ही.

मोबाइल वेगळं का सांगतो?

सावलीची वेळ आणि मोबाइलची वेळ जुळत नाही. मुलं लगेच विचारतात, कोण चुकतंय? कोणीच नाही. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि उज्जैन आहे पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. दर अंशाला चार मिनिटं धरली तर उज्जैनची स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटं मागे, म्हणजे एका घटकेहून थोडी जास्त. त्यात पृथ्वीची सूर्याभोवतीची गती वर्षभर सारखी नसते आणि तिचा आसही कललेला आहे. म्हणून उज्जैनचा खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास येतो, तर फेब्रुवारीत १२ वाजून ४० मिनिटांच्या पुढे जातो.

कधीकाळी सगळ्यांनी उज्जैनशी घड्याळ जुळवायचं होतं. प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथांत शून्य रेखांश उज्जैनवरून जात असे. सहाव्या शतकातला वराहमिहिर याच नगरीतला. १८८४ मध्ये जगाने ग्रीनिच स्वीकारलं आणि १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने तर आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

तरी उज्जैनचा मान पुरता गेला नाही. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी एक मध्यवर्ती स्थान ठरवलं. त्याचा रेखांश प्रमाणवेळेचा घेतला, पण अक्षांश घेतला तो २३ अंश ११ कला, म्हणजे उज्जैनचा! हे राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू आहे.

श्रावण नक्की कधी लागतो?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना हा प्रश्न दर वर्षी पडतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की तिथे श्रावण लागतो आणि आपल्याकडे मात्र दिव्यांची अवस व्हायची असते. पंधरा दिवसांचा फरक! इंदूरच्या माझ्या आत्यांकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप, ही दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी लटकलेली असत. घरात आलेल्या नव्या सुनेने विचारलं, “सोमवारचे उपास कोणत्या श्रावणाचे करायचे?” आत्या म्हणाल्या, “माहेरी करत होतीस तेच कर. चंद्र काही दोन नाहीत गं.”

खरंच आहे ते. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, वद्य पक्षात तेवढं बदलतं. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, पण कृष्णजन्म एकाच रात्री. आपल्या माघातली महाशिवरात्र त्यांच्या फाल्गुनात येते, पण रात्र तीच.

उज्जैनमध्ये तर या दोन पद्धती रस्त्यावर एकत्र चालताना दिसतात. श्रावणातल्या दर सोमवारी महाकालाची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते. ही ‘सवारी’ उत्तरेचा श्रावण संपला तरी थांबत नाही, भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातही निघते. म्हणजे आपल्या श्रावणाच्या अखेरीपर्यंत. उज्जैनचे लोक याचा संबंध शिंदेकाळातल्या मराठी पंचांगाशी लावतात. अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धारही राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनीच केला होता. कोणाचा श्रावण खरा, हा वाद घालत बसण्यापेक्षा या गावाने दोन्ही श्रावण पाळले.

उरलेल्या दिवसांचं काय?

टॉल्किनच्या हॉबिटांनी जादा दिवस वर्षातच वेगळे काढून ठेवले. आपल्या पूर्वजांनी ते साठवले. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी उरणारे ११ दिवस साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येतो. आपल्याकडे तेव्हा जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, तर उज्जैनमध्ये भाविक सप्तसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सात तलावांची यात्रा करतात. हिशोब एकच, वाण वेगवेगळं.

इथे आणखी मोठा काटाही फिरतो, तो गुरू ग्रहाचा. साधारण बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की नाशिकप्रमाणे उज्जैनलाही सिंहस्थ भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे.

जाणार असाल तर

उज्जैन रेल्वेने देशाशी चांगलं जोडलेलं आहे. जवळचा विमानतळ इंदूरचा, साधारण ५५ किलोमीटरवर. हवा ऑक्टोबर ते मार्च चांगली असते. वेधशाळेत ऊन असतानाच जा, ढगाळ दिवशी यंत्रं मुकी असतात. महाकालाची भस्म आरती पहाटे असते, तिची नोंदणी आधी करावी लागते. हरसिद्धी मंदिरातल्या मराठा धाटणीच्या उंच दीपमाळा संध्याकाळी उजळलेल्या पाहा. वेधशाळेजवळच २०२४ मध्ये ८५ फुटी मनोऱ्यावर नवं वैदिक घड्याळ बसवलं आहे. ते एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ ३० मुहूर्तांत मोजतं.

उन्हाची तयारी असेल तर २१ जूनला जा. दुपारी १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास शंकूची सावली जवळपास नाहीशी होते. जवळपासच, कारण कर्कवृत्त आज शहराच्या थोडं उत्तरेला, महिदपूरजवळच्या डोंगला गावाकडून जातं. मीटरभर उंचीच्या काठीची सावली उज्जैनमध्ये त्या वेळी अर्धा सेंटिमीटरही उरत नाही. एक काठी आणि मोजपट्टी बरोबर न्या आणि ती सावली मुलांनाच मोजू द्या. विक्रमादित्याचं राज्य नेमकं केव्हा होतं हे त्यांना तिथे कोणी सांगू शकणार नाही, पण आज दुपार केव्हा झाली हे त्यांचं त्यांना कळेल.