मोटारींचा बेंदूर

मोटार ही वस्तु माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेण्यासाठीं असते, असा आमचा जन्माचा समज. ज्या मोटारी कोठें जाण्यासाठीं घराबाहेर निघतच नाहींत, नुसत्या एका पटांगणांत येऊन ओळीनें उभ्या राहतात, आणि ज्यांचे धनी त्यांच्यामागें घडीच्या खुर्च्या टाकून तीन-तीन तास समाधानानें बसून राहतात, अशा शंभरएक मोटारी गेल्या आषाढांत आम्हीं अमेरिकेंतील मिशिगन प्रांतीं पाहिल्या, तेव्हां या समजाला पहिला धक्का बसला. दुसरा धक्का त्याच संध्याकाळीं बसला, आणि तो आमच्याच घरांतील एका जुन्या गोष्टीचा होता.

आमचे चिरंजीव डेट्रॉइट शहराच्या उत्तरेस नोकरीनिमित्त राहतात. सौभाग्यवतींसह आम्ही चार महिने त्यांच्याकडे मुक्कामास होतों. दर शनिवारीं सकाळीं चहा झाला कीं, चिरंजीव शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या मोटारखान्यांत जात, ते जेवणवेळेस काळेकुट्ट हात घेऊन परत येत. एवढा शिकलासवरलेला मुलगा सुटीच्या दिवशीं परक्याच्या मोटारीखालीं आडवा होतो, हें आम्हांला कांहीं केल्या रुचत नसे. आणि तें आम्ही जेवतांना बोलूनही दाखवीत असूं. सूनबाई नुसत्या हंसत. एका शुक्रवारीं संध्याकाळीं चिरंजीव म्हणाले, “बाबा, आज तुम्हीही चला. ज्या गाडीला तुम्ही नांवें ठेवतां, ती निदान एकदां पाहून तरी या.” घरांत करमत नव्हतेंच. आम्ही निघालों.

डेट्रॉइट नदीपासून निघून पाँटिअॅक नांवाच्या गांवापर्यंत जाणारा वुडवर्ड हा तिकडचा मोठा राजरस्ता. या रस्त्याचा एक मैलाचा तुकडा 1909 सालीं काँक्रीटचा झाला, व तो पाहावयास दूरदूरची माणसें येत असत. 1960 नंतरच्या दशकांत याच रस्त्यावर तरुण पोरें रात्रीं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत मोटारी पळवीत. मोटार-कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धां आपला नवा माल आजमावण्यासाठीं त्यांत सामील होत म्हणे. आतां 1995 पासून दर ऑगस्टांत त्या दिवसांच्या आठवणीचा एक मोठा उत्सव या रस्त्यावर भरतो. आम्ही गेलों तो मेळा मात्र अगदीं गांवचा, घरगुती. एका दुकानासमोरच्या पटांगणांत उन्हाळाभर भरणारा. रात्रीं नऊपर्यंत तिकडे ऊन असतें, त्यामुळें संध्याकाळ कशी ऐसपैस मिळते.

या मोटारींना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपल्या भाषेंत पहिलवान मोटार म्हणावें. कृति सोपी आहे: मध्यम आकाराची, बेताच्या किंमतीची घरगुती मोटार घ्यावयाची, आणि तिच्या पोटांत मोठ्या मोटारीचें दांडगें इंजिन बसवावयाचें. या वाणाची मूळपुरुष म्हणून बहुतेक लोक 1964 सालच्या पाँटिअॅक जी.टी.ओ.चें नांव घेतात. तिच्या जन्माची कथा गमतीची आहे. मध्यम मोटारींत 330 घन इंचांहून मोठें इंजिन घालावयाचें नाहीं, असा जनरल मोटर्सच्या वरिष्ठांचा दंडक होता. जॉन डीलोरिअन व त्याचे सहकारी यांनीं 389 घन इंचांचें इंजिन बसविलें खरें. परंतु ही कांहीं नवी मोटार नव्हे, टेंपेस्ट या जुन्या मोटारीवर गिऱ्हाइकानें हौसेनें घ्यावयाची ती एक जोड आहे, असें कागदोपत्रीं दाखविलें. वरिष्ठांना न विचारतां धाकट्यांनीं केलेला हा उद्योग! विक्रीखात्याचा अंदाज 5,000 मोटारींचा होता. पहिल्याच हंगामांत 32,450 खपल्या. मग वरिष्ठही गप्प राहिले. 389 घन इंच म्हणजे जवळजवळ 6.4 लिटर. आपल्याकडच्या जुन्या फियाटचें इंजिन 1,089 घन सेंटिमीटरचें व सुमारें 40 अश्वशक्तीचें. या पहिलवानाची शक्ति 325 अश्वांची. मात्र हा पहिलवान खुराकही तसाच खातो. एका लिटर पेट्रोलला चार-पांच किलोमीटर चालला, तर मालक खूष!

पटांगणांत शिरतांच आम्हांला सांगलीकडचा बेंदूर आठवला. त्या दिवशीं बैलाला जोखड नसतें. त्याला न्हाऊमाखूं घालून, शिंगें रंगवून, पाठीवर झूल टाकून नुसता मिरवावयाचा असतो. येथेंही तसेंच. कोणाची मस्टँग लाल, कोणाची शेव्हेल निळी, कोणाची चार्जर नारिंगी. आरशासारख्या पुसलेल्या, आणि सगळ्यांचीं बॉनेटें उघडीं, म्हणजे शिंगांऐवजीं पोटें दाखविण्याची स्पर्धा. या इंजिनांत चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, आणि एकेका रांगेंतील स्फोट समान अंतरानें होत नाहींत; म्हणून उभ्या उभ्या इंजिन चालतांना एक अडखळती, खोल गुरगुर उठते. ती कानांपेक्षां छातींतच अधिक ऐकूं येते. एका गृहस्थांनीं 1968 सालच्या प्लिमथ रोड रनरचा भोंगा वाजविला, तर तो व्यंगचित्रपटांतील पक्ष्यासारखा ‘बीप बीप’ करूं लागला, आणि जमलेलीं पोरें खिदळलीं. प्लिमथ हें नांव आम्हांला परकें नव्हतें. वालचंद हिराचंद यांनीं 1944 मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं डॉज व प्लिमथ याच मोटारी जुळविल्या जात. फियाट मागाहून आली.

या मेळ्याचा एक नियम आम्हांला फार आवडला. धन्यास विचारल्यावांचून कोणीही कोणाच्या मोटारीला बोट लावावयाचें नाहीं. पांच-सहा वर्षांचा एक मुलगा हात पाठीशीं घट्ट धरून एका मोटारीभोंवतीं फिरत होता. शेवटीं त्यानें धीर करून विचारलें, तर धनी उठला, दार उघडलें, आणि त्या पोराला थेट सुकाणूपुढें बसविलें.

आमच्या शेजाऱ्यांची मोटार शेवटच्या रांगेंत होती. 1966 ची जी.टी.ओ., गर्द हिरवी. त्या सालीं या जातीच्या सुमारें 97,000 मोटारी विकल्या गेल्या. तेवढ्या पुढें कधीं गेल्या नाहींत. हे गृहस्थ आतां ऐंशीच्या घरांत आहेत. तरुणपणीं ते पाँटिअॅक गांवच्या कारखान्यांत कामगार होते, आणि स्वतःच्या पगारांतून हप्त्यानें त्यांनीं ही मोटार घेतली. “मीच बनविली आणि मीच विकत घेतली,” असें ते मोठ्या अभिमानानें सांगतात. त्यांच्या तोंडून आम्हीं पुढची हकीकतही ऐकली. 1970 सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला, विमा कंपन्यांनीं तरुणांचे हप्ते भरमसाट वाढविले, आणि 1973 मध्यें तेलाची टंचाई आली. पहिलवानांचा आखाडा ओस पडला. 1974 हें मूळच्या जी.टी.ओ.चें शेवटचें साल. 2010 मध्यें पाँटिअॅक ही सबंध शाखाच बंद झाली. 1950 मध्यें साडेअठरा लाख वस्ती असलेलें डेट्रॉइट शहर 2020 च्या शिरगणतींत सहा लाख चाळीस हजारांच्या आंत आलें. 2024 मध्यें विजेवर चालणारी नवी चार्जर दाखविण्यांत आली, तर तिला कृत्रिम आवाजाची जोड द्यावी लागली. हें सांगून म्हातारबाबा मनापासून हंसले. म्हणाले, “पूर्वीं आम्ही आवाज कमी करण्यासाठीं पैसे भरत होतों!”

एवढ्यांत चिरंजीवांनीं किल्ल्यांचा जुडगा आमच्या हातीं दिला, विजेरी घेतली, आणि ते बॉनेटखालीं वांकले. कार्ब्युरेटरचा स्क्रू ते केंसभर फिरवीत, कान देऊन ऐकत, पुन्हां फिरवीत. तें वांकणें, ती मान तिरपी करून ऐकण्याची लकब आम्हीं कोठेंतरी पाहिली होती. कोठें, तें लगेच आठवेना. आमचें लक्ष मोटारीच्या कांचेला लावलेल्या एका लहानशा चिठ्ठीकडे गेलें. तीवर ‘विकणें आहे’ असें लिहिलें होतें.

आम्हीं विचारलें, “साठ वर्षांची सोबत, आणि आतां विकणार?”

ते म्हणाले, “डोळे अधू झाले. तिन्ही मुलांना एकेकाला बोलावून विचारलें. थोरल्याकडे जागा नाहीं, मधलीला आवड नाहीं, धाकटा म्हणाला कीं मला पैसे नकोत नि गाडीही नको, तुम्ही सुखानें विका. मीं विचारलें, त्यांनीं सांगितलें. आतां मनांत कांहीं राहिलें नाहीं. तुमच्याकडे कोणती गाडी होती?”

आम्ही उत्तर देण्याच्या आधींच बॉनेटखालून चिरंजीव बोलले, “फियाट. आजोबांची. पिस्त्याच्या रंगाची. गिअर सुकाणूपाशीं. थंडींत चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसे, आणि मागचें डावें दार थोडें उचलून लावावें लागे. रविवारीं आजोबा प्लग काढून पॉलिश कागदानें घांसत, आणि मी बत्ती धरीत असें.”

ती लकब आमच्या वडिलांची होती.

ती. नानांनीं ती फियाट 1972 सालीं, नांव नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहिल्यावर घेतली. 1995 मध्यें ते वारले. वर्षश्राद्ध झाल्यावर वडील बंधु व आम्ही माजघरांत बसलों. वाड्याच्या वाटण्या व्हावयाच्या होत्या, मोटारीची पडवी एका वाटणींत जात होती, आणि छप्पर गळत होतें. अर्ध्या तासांत निर्णय झाला, आणि पुढल्या मंगळवारीं गिऱ्हाईक येऊन मोटार घेऊन गेलें. चिरंजीव तेव्हां तेरा वर्षांचे, शाळेंत होते. साडेपांचला ते घरीं आले, तेव्हां पडवींत तेलाचा एक काळा डाग तेवढा उरला होता. त्यांनीं दप्तर ठेवलें, हातपाय धुतले, आणि पानावर बसले. मुलानें कांहीं विचारलें नाहीं, म्हणजे त्याला कांहीं वाटलें नाहीं, असें आम्हीं धरून चाललों. आमच्या घरांत मुलांना विचारण्याची रीतच नव्हती. आम्हीं कोणती विद्या शिकावी, हें नानांनीं तरी आम्हांला कोठें विचारलें होतें? मोटार विकण्यांत आमची चूक झाली, असें आजही वाटत नाहीं. छप्पर गळतच होतें. परंतु ज्या माणसानें चार वर्षें बत्ती धरली, त्याला एका शब्दानें विचारावें, हें त्या माजघरांत आम्हां दोघांपैकीं एकालाही सुचलें नाहीं.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. किल्ल्यांचा जुडगा अजून आमच्याच हातांत होता. त्यांत एक लहान, चपटी, गंजलेली किल्ली होती. ती आम्हीं पूर्वींही पाहिली होती, व एखाद्या ट्रंकेची असावी असें समजून चाललों होतों. आम्हीं विचारलें, “ही कशाची?”

“डिकीची,” चिरंजीव म्हणाले. “फियाटच्या. ती माझ्या कंपासपेटींत असे. गिऱ्हाइकाला द्यावयाची राहून गेली.”

आम्ही म्हणालों, “त्या वेळीं तुला विचारावयास हवें होतें.”

चिरंजीवांनीं रस्त्यावरची नजर काढली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाले, “विचारलें असतें तर मी ‘नको’च म्हटलें असतें, बाबा, आणि तुम्हांला ती विकावी लागलीच असती. पण जाण्यापूर्वीं एकदां आंत बसतां आलें असतें.” मग आणखी थांबून म्हणाले, “त्यांनीं आज ही गाडी घेशील का म्हणून मला विचारलें. घरीं विचारून सांगतों म्हटलें. तुम्हांला काय वाटतें?”

आमच्या घराण्यांत धाकट्यानें थोरल्याला विचारणें नवें नाहीं. परंतु या प्रश्नानें आमचा कंठ दाटून आला, हें कबूल करण्यास संकोच वाटत नाहीं. खर्चाचा, पेट्रोलचा, जागेचा असे सारे मुद्दे आमच्या जिभेवर तयार होते. ते आम्हीं गिळले, आणि म्हणालों, “आमचें मत मागाहून सांगूं. आधीं सूनबाईला विचार; आणि नातवालाही.”

नातू नऊ वर्षांचा आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीला त्याला रीतसर विचारण्यांत आलें. त्यानें फार वेळ विचार केला, आणि उलट विचारलें कीं, गाडी आली तर बत्ती कोण धरणार? सूनबाईंचें उत्तर हें लिहीपर्यंत आलेलें नाहीं. घरांत जागा एकाच मोटारीची आहे, आणि त्या हिशेबाच्या बाजूनें पक्क्या आहेत. पुढल्या शनिवारीं मात्र चहा झाल्यावर शेजारच्या मोटारखान्यांत तिघेजण गेलों. चिरंजीव वांकले, नातवानें बत्ती धरली, आणि पाने कोणत्या क्रमानें हातीं द्यावयाचे, हें आम्ही त्या दोघांना विचारून घेतलें.