काही दिसलं का?

देवदर्शनाहून आलेल्या माणसाला आपल्याकडे "दर्शन नीट झालं का?" असं विचारतात. लग्नाहून आलेल्याला "जेवणात गोड काय होतं?" असं विचारतात. आणि जंगलातून आलेल्याला एकच प्रश्न असतो, "काही दिसलं का?" यातल्या 'काही'चा अर्थ वाघ असा असतो. अगदीच पडतं घ्यायचं तर बिबट्या. झाडं, डोंगर, चांदणं, वारा हा किरकोळ माल 'काही' या सदरात धरत नाहीत. तेव्हा चांदोलीच्या रानात, लोखंडी मनोऱ्यावर, एक अख्खी रात्र काढून मी सांगलीला परतलो, तेव्हा मला काय विचारलं गेलं असेल हे सांगायला नको.

हा मनोरा माझ्या डोक्यात शिरला तो अमेरिकेतून. भाचीने फोटो पाठवला होता. डोंगराच्या माथ्यावर चार लाकडी खांब, खांबांवर काचेची खोली आणि खोलीत चहा पीत बसलेले भाची आणि आमचे जावई. तिकडे जंगलातली आग हेरायला असे हजारो मनोरे उभे केले होते म्हणे. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटाना भागात दोन दिवसांत तीस लाख एकर जंगल जळून गेलं. तेव्हापासून सरकारने शिखराशिखरावर माणूस बसवायचा सपाटाच लावला. खोलीच्या मधोमध गोल नकाशा, त्यावर फिरती पट्टी. धूर दिसला की पट्टी त्या दिशेला रोखायची, अंश वाचायचे आणि खाली फोन करायचा. विजा कडाडू लागल्या, तर त्या माणसाने काचेच्या पायांच्या स्टुलावर बसायचं किंवा उभं राहायचं! हे मला फारच आवडलं. संकटकाळी स्टुलावर चढण्याची पद्धत आमच्याकडेही आहे, पण ती फक्त झुरळापुरती.

पुढे विमानं आली, उपग्रह आले, मनोरे ओस पडले. मग हौशी लोकांनी त्यांची डागडुजी केली आणि आता तिथलं वनखातं त्यातले काही मनोरे रात्रीच्या भाड्याने देतं. "मामा, वर पाणी नाही, वीज नाही, तरी महिनोन्‌महिने आधी नंबर लावावा लागतो," असं भाचीने अभिमानाने कळवलं होतं.

"पाणी नाही, वीज नाही, याचे पैसे द्यायचे?" ही म्हणाली. "आपल्याकडे आठवड्यातून एकदा फुकट असतं."

पण मनोरा काही माझ्या डोक्यातून उतरेना. अशा वेळी माणसाला साडू असावा लागतो. आमचे साडू साताऱ्याचे. सातारकर हा मुळात राजधानीचा माणूस. राज्य १८४८ साली खालसा झालं, पण ही बातमी अजून त्यांच्या बोलण्या-चालण्यापर्यंत पोचलेली नाही. त्यांनीच शोध लावला की, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री आपल्या रानातही मचाणावर, मनोऱ्यावर बसू देतात. पूर्वी त्या रात्री पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरांची मोजदाद व्हायची. आता मोजायचं काम झाडाला बांधलेले कॅमेरे करतात आणि तुमच्या-आमच्यासारख्यांना नुसता अनुभव मिळतो. मोबाइलवर अर्ज भरायचा, नंबर लागला तर जायचं. आमचा लागला.

"चला, आमचं चांदोली दाखवतो तुम्हाला," साडू म्हणाले.

हे 'आमचं' मला खटकलं. चांदोलीचं अभयारण्य झालं १९८५ साली, राष्ट्रीय उद्यान झालं २००४ साली आणि २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. इतकी सगळी वर्षं हे रान सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेलं आहे. २०१२ साली तर ते जागतिक वारशात गेलं, म्हणजे आता ते पृथ्वीतलावरच्या सगळ्यांचं. पण सगळ्या जगाचा वाटा मान्य करणारे साडू सांगलीचा वाटा मान्य करीत नाहीत. म्हणून मी बरोबर भडंग घेतलं. त्यांनी कंदी पेढे आणलेच होते.

शिराळा, कोकरूड, आरळा करीत आम्ही धरणाच्या अंगाने रानात पोचलो. तिथे आमच्या हातात नियमांचा कागद ठेवण्यात आला. अत्तर लावू नये. भडक कपडे घालू नयेत. विजेरी लावू नये. विडी-काडी पेटवू नये. बोलू नये. साडूंच्या अंगावर केशरी सदरा होता आणि मानेला हिना. सदरा उलटा करून घालता आला. हिन्याला उलटी बाजू नसते. खालच्या हौदावर त्यांना साबणाने मान घासायला लावली, तेव्हा साताऱ्याच्या गादीचा इतका अवमान गेल्या पावणेदोनशे वर्षांत झाला नसेल, असा त्यांचा चेहरा झाला.

मनोरा होता चांगला तीनमजली उंच. जुनाच, पण नुकती डागडुजी केलेला. नवी शिडी, नवे पत्रे आणि सरकारी हिरवा रंग. वर चारी बाजूंनी उघडी खोली, एक बाक, एक माठ आणि एक मामा.

मामा म्हणजे हंगामी वनमजूर. साठीच्या अलीकडचे, काटक, डोक्याला मळका पटका, कमरेला कोयता आणि हातात बोलायचं बिनतारी यंत्र. आम्ही पाणवठ्याकडे तोंड करून बाकावर बसलो. मामा आमच्याकडे आणि पाणवठ्याकडे पाठ करून उलट्या दिशेला, समोरच्या डोंगर-उताराकडे बघत उकिडवे बसले.

मला राहवेना. हळूच म्हटलं, "मामा, पाणवठा इकडं आहे."

"त्यो तुमचा, पाव्हणं. माझं काम हिकडं."

"मग तिकडं काय दिसतं?"

"काय न्हाई."

"मग बघता काय?"

"काय दिसत न्हाई, त्येच बघतुया."

साडूंनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मलाही क्षणभर वाटलं की, रानात एकट्याने राहून माणसाचं असं होत असावं. पण चांदणं वर आलं, बोलायची बंदी कुजबुजीपर्यंत सैल झाली आणि मामा एकेक सांगू लागले. हा मनोरा आमच्यासारख्यांना वाघ दाखवायला नव्हताच. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत वणव्याचा हंगाम, आणि मामांची नोकरीही तेवढीच. पावसाळ्यात सड्यावर कमरेएवढं वाढलेलं गवत उन्हाळ्यात खडखडीत वाळतं. मग कुणाची तरी विडी, कुणाची तरी चूल, किंवा "जाळलं की औंदा गवत झ्याक येतं" असा कुणाचा तरी वाडवडिलांपासूनचा समज. अमेरिकेत विजाही आग लावतात. आपल्याकडे आपण विजेवर अवलंबून राहत नाही.

"आग खालनं वर पळत जाती, वरनं खाली चालत येती," मामा म्हणाले. उतारावर खालची धग वरच्या गवताला आधीच भाजून ठेवते, म्हणून आगीला चढ आवडतो. त्यासाठी आधीच जाळरेषा आखतात. म्हणजे गवताचे लांबच्या लांब पट्टे कापून आपणच मुद्दाम जाळून टाकायचे. पुढे आग आली की तिला तिथे खायला काही मिळत नाही. पाहुणा यायच्या आधी फराळाचे डबे रिकामे करून ठेवायचे, ही युक्ती आमच्या गल्लीतही एक-दोन घरांना माहीत आहे.

"पण आता उपग्रह आहेत की!" साडूंनी ज्ञान दिलं. ते खरंच होतं. उपग्रहाला धग दिसली की देहरादूनहून थेट वनखात्याच्या माणसांच्या मोबाइलवर निरोप येतो.

"येतो की," मामा म्हणाले. "पर उपग्रह फेरीला येनार, मग बघनार, मग फोन करनार. आन् फोनला हितं रेंज न्हाई."

"यात साताऱ्याची बाजू कुठली?" साडूंनी शेवटी विचारलंच.

"आग येती तवा दोन्ही बाजूनं येती," मामा म्हणाले, आणि गेल्या वीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते झालं. साडू गप्प बसले.

रात्र चढत गेली. रातव्याचा ठक-ठक आवाज यायचा आणि थांबायचा. लांब कुठेतरी सांबर ओरडलं. पाणवठ्यावर चांदणं पडलं होतं, आणि फक्त चांदणंच पडलं होतं. अकराच्या सुमारास भूक लागली, तेव्हा एक शोध लागला. भडंग हा पदार्थ जंगलात चालत नाही. तो गुपचूप खाताच येत नाही. माझ्या पहिल्या घासाला खालच्या झुडपातून काहीतरी उधळून गेलं. त्याउलट साडू पेढ्यामागून पेढा निःशब्दपणे तोंडात टाकत होते. एवढ्या एका बाबतीत सांगलीला हार मानावी लागली. आमच्या तक्त्यावर वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी असे रकाने होते. एक वाजता ससा आला. संख्या एक. त्याची नर-मादी ठरवण्याइतका वेळ त्याने आम्हाला दिला नाही. दोन वाजता साडू घोरू लागले. घोरण्याबद्दल नियमांच्या कागदात काही नव्हतं.

साडेतीनला साडूंनीच मला हलवलं. "अहो, उठा. केवढं सुंदर!" समोरच्या उतारावर, खूप खाली, एक लाल रेघ चमकत होती. "कुठल्या तरी देवाची पालखी असावी. मशाली बघा!"

मामा केव्हाच उभे होते. यंत्रात बोलत होते. नकाशा नाही, पट्टी नाही, अंश नाहीत. "वरच्या आळीच्या मागं... पानंदीच्या वरल्या अंगाला... खळ्याच्या टेपावर," असं काहीतरी. मला काही कळेना. या रानात आळी कुठली आणि खळं कुठलं? पलीकडून लगेच "कळलं" आलं. मामा शिडीवरून उतरता उतरता म्हणाले, "पाव्हणं, काय झालं तरी खाली उतरू नगा. गवं असत्यात." एवढं सांगून मामा स्वतः त्याच गव्यांतून निघून गेले.

त्यानंतर आम्ही पाणवठ्याकडे पाहिलं नाही. आम्हीही त्याच्याकडे पाठ करून उतारावरची रेघ बघत बसलो. ती लांबली. मग तिला वर एक फाटा फुटला आणि तो खरोखरच पळत निघाला. वास आला. पानं तडतडल्याचा आवाज तीनमजली उंचीवर ऐकू येत होता. मग रेघेच्या कडेला बॅटऱ्यांचे चार-पाच ठिपके दिसले. ते खालीवर हलत होते. ओल्या डहाळ्यांनी आग झोडपतात, हे मामांनीच सांगितलं होतं; पण डहाळीची लांबी हातभर असते आणि आगीची नसते, हे वरून बघताना पहिल्यांदा लक्षात आलं. एकदा सगळे ठिपके धुरात गेले. साडूंनी माझा दंड धरला. किती वेळ गेला कोण जाणे. ठिपके बाहेर आले. मी मोजले. पाच. साडूंनी पुन्हा मोजले. पाचच. त्या रात्रीची आमची खरी गणना एवढीच.

फटफटलं, तेव्हा रेघ विझली होती आणि उतारावर काळा डाग उरला होता.

मामा आठाच्या सुमारास वर आले. पटका काळा, भुवया करपलेल्या. अर्धा माठ पाणी प्यायले. साडूंनी पेढ्यांचा उरलेला पुडा त्यांच्यापुढे ठेवला, मी भडंग ठेवलं. मामांनी दोन्ही एकत्र करून खाल्लं. सांगली-सातारा वादावर असा तोडगा आम्हाला सुचला नसता.

"मामा, ती आळी, ते खळं..."

"आमचं गाव हुतं तितं," मामा म्हणाले. "अभयारन्य झालं, गाव खाली नेलं. आता वरनं घरं दिसत न्हाईत. आंबा दिसतो न्हवं, त्यो? आज्जानं लावल्याला." त्यांनी बोट दाखवलं. काळ्या डागाच्या कडेला, अगदी कडेला, एक गर्द हिरवा गोळा होता. "वाचला."

बस्स. याहून जास्त ते बोलले नाहीत. स्वतःचं गाव ज्या जमिनीवरून उठलं, तिच्याच राखणीला माणूस चार महिने मजुरीवर येऊन बसतो, यावर मी काही बोलणार होतो. पण त्यांनी भडंगाचा कागद चापून-चोपून घडी घालून खिशात ठेवला आणि उलट मलाच विचारलं, "पाव्हणं, तुमास्नी काय दिसलं का? वास आला की जनावर लांब जातं. तुमची रात वाया गेली."

सांगलीला गल्लीत सगळ्यांनी विचारलं. मी "ससा, आणि आंब्याचं झाड" असं सांगितलं. लोकांनी मान हलवली आणि फणस-आंबे दाखवायला रात्रभर कशाला जागवतात, अशा अर्थाचं काही पुटपुटले. हिला मात्र मी सगळं सविस्तर सांगितलं. ती गॅसपाशी उभी होती. दुधावरची नजर न काढता म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काही दिसावं म्हणून तुम्ही जागत होता आणि त्यांना काही दिसू नये म्हणून ते. मग त्यात नवल ते काय? रोज दोन वेळा मी दुसरं काय करते?" आणि दूध वर येण्याच्या आत तिने गॅस बंद केला.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला. गल्लीत पाणी तुंबलं, वीज गेली आणि सगळे महानगरपालिकेच्या नावाने बोलू लागले. मी खिडकीत उभा राहून हिशेब करीत होतो की, आज मामांची नोकरी संपली असेल. ज्या पावसाने हातातलं काम जायचं, त्याच पावसाची चार महिने वाट बघणारा दुसरा नोकरदार माझ्या पाहण्यात नाही. आता पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्या उतारावर बघण्यासारखं काही नाही. नुसतं हिरवं.

तेवढ्यात साडूंचा फोन आला. "काय, पोचला का पाऊस सांगलीला? आमच्या साताऱ्यात कालच आला." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "चांदोलीत झाला असेल ना हो?"