थांबवणाऱ्याला थांबवायचं कसं?

एकाच आईची दोन मुलं. दोघांनाही सिकलसेल हा रक्ताचा आजार, दोघांकडेही तोच दोष आईवडिलांकडून आलेला. मोठा मुलगा हाडं दुखून रात्रभर रडतो, धाकटी मात्र पळत शाळेत जाते. नेमावरजवळच्या एका गावात तपासणी शिबिराच्या नोंदी लिहायला गेले, तेव्हा अशी भावंडं मी पहिल्यांदा पाहिली. आईनं धाकटीकडे बोट दाखवून विचारलं, "दीदी, इसको भी वैसा होगा क्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी इंदूरच्या मराठी घरातली, वाणिज्य शाखेची. नेमावर मला ठाऊक होतं ते नर्मदेचं नाभिस्थान आणि सिद्धनाथाचं देऊळ म्हणून. भोवतालच्या कोरकू, गोंड वस्त्यांमधलं हे दुखणं मला शिबिरात कळलं. त्या आईचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी वाचायला लागले.

पहिली गोष्ट लवकर उमगली. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि ते तांबड्या पेशींना विळ्यासारखं वाकू देत नाही. पुढच्या काही महिन्यांत ते ओसरतं आणि त्रास सुरू होतो. काहींमध्ये ते जास्त टिकून राहतं, त्यांना सहसा त्रास कमी होतो. मग ते कुणात टिकतं आणि का? या प्रश्नाच्या वाटेवर मायक्रोआरएनए भेटलं आणि मी पार गोंधळले.

हा साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा स्वतः काहीच बनवत नाही. जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला तो चिकटतो आणि त्यापासून प्रथिन बनणं कमी करतो. व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांचं त्याबद्दलचं काम १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीवर झालं. २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेराव्या गुणसूत्राची जादा प्रत असलेल्या बाळांमध्ये गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त काळ टिकतं, हे डॉक्टरांना १९६० च्या दशकापासून माहीत होतं. २०११ मध्ये त्याचा धागा त्या गुणसूत्रावरच्या मायक्रोआरएनए-१५ए आणि १६-१ या जोडीशी जुळला. ही जोडी वाढली की 'एमवायबी' नावाचं प्रथिन घटतं. ते घटलं की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं. म्हणजे थांबवणाऱ्यालाच थांबवायचं! ही साखळी कागदावर बाण काढत गिरवली, तेव्हा कुठे मनात बसली.

मग रक्तात ही जोडी मोजून धाकटीचं भविष्य सांगता येईल का? पेशींबाहेरच्या रक्तद्रवातही मायक्रोआरएनए टिकून राहतं, म्हणून आशा वाटते. पण तांबड्या पेशींतच मायक्रोआरएनए-१६ भरपूर असतं. सिकलसेलमध्ये त्या पेशी सतत फुटतात, शिवाय सुईनं रक्त काढतानाही फुटू शकतात. मग वाढलेला आकडा नेमकं काय सांगतो आहे, हे ठरवणं अवघड होतं.

मायक्रोआरएनएवर आधारलेल्या औषधाची वाटही तशीच निसरडी. मायक्रोआरएनए-१२२ ला बांधणाऱ्या मिराव्हिर्सन या औषधानं हिपॅटायटिस सी चा विषाणू घटवल्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. उलट, कर्करोगावर कृत्रिम मायक्रोआरएनए-३४ए देऊन पाहणारी चाचणी प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये बंद करावी लागली. एकच मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर हात ठेवतं. आपली १५ए-१६-१ ही जोडी एका प्रकारच्या रक्तकर्करोगात बऱ्याचदा हरवलेली असते. ती वाढवली, तर हिमोग्लोबिनच्या पलीकडे आणखी काय हलेल, हे तपासायलाच हवं.

हे संशोधन मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. पण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवणारं हायड्रॉक्सीयुरिया आजही हाताशी आहे आणि ते सुरू असताना रक्ताची नियमित तपासणी लागते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक मुलाला पुढच्या महिन्याची गोळी आणि पुढची रक्ततपासणी गावाजवळच मिळाली पाहिजे. उद्याचं औषध पोहोचणार तेही याच वाटेनं. ती वाट आजच बांधायला हवी.