कंपासाचा झुकलेला पाय

कवितेचे अध्यापन हा ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्याला विलक्षण रूपकापुढे सर्वांत मोठा मोह कोणता होत असेल, तर तो त्याचा सारांश काढून प्रकरण दप्तरदाखल करण्याचा. जॉन डनच्या, शोकाला मनाई करणाऱ्या त्या सुप्रसिद्ध निरोपाच्या कवितेत वियोगी प्रेमिकांच्या आत्म्यांना कंपासाच्या दोन पायांची उपमा दिली आहे. ‘प्रिया स्थिर केंद्र, प्रियकर फिरता पाय, प्रेम म्हणजे पूर्ण वर्तुळ’ एवढे लिहून विद्यार्थी मोकळे होतात आणि आम्ही परीक्षकही मुकाट्याने गुण देतो. १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या काउलीच्या चरित्रात डॉक्टर जॉन्सनने या उपमेत विसंगती अधिक की चातुर्य अधिक, असा संशय व्यक्त केला होता. तो संशय मला त्या गुणांहून आदरणीय वाटतो, कारण जॉन्सन निदान अडखळला तरी.

माझी रीत अशी की, रूपकातील वस्तू प्रत्यक्ष हाती घ्यावी आणि कवी सांगेल त्या क्रमाने चालवून पाहावी. फिरता पाय वर्तुळ पुरे करतो तेव्हा निघाल्या बिंदूवर येतो खरा, पण केंद्रापासून तेवढाच दूर राहतो. त्याला घरी आणायचे तर कंपास मिटावा लागतो, आणि मिटलेला कंपास वर्तुळ काढीत नाही. डन या दोन्ही हालचाली एकापाठोपाठ सांगतो. आधीच्या कडव्यात ठोकून वर्ख केलेले सोने आहे, आणि किमयाविद्येत मध्यबिंदू असलेले वर्तुळ हे सोन्याचेच चिन्ह, असा दाखला देऊन काही भाष्यकार ही अडचण मिटवू पाहतात. तजवीज चतुर आहे, पण तिने अंतर काही कमी होत नाही.

मला अधिक गुंतवतो तो स्थिर म्हणवला गेलेला पाय. दुसरा जितका लांब जाईल तितका हा झुकतो, त्याच्या दिशेने कान देतो, आणि तो परतला की ताठ उभा राहतो. अश्रूंना बंदी करणाऱ्या, देहाच्या सान्निध्याची मातबरी न मानणाऱ्या त्याच कवितेने हे ओढ लागलेले अंग शेवटी प्रियेला द्यावे! आयझॅक वॉल्टन सांगतो की १६११ साली सर रॉबर्ट ड्रूरीबरोबर फ्रान्सला निघताना डनने ही कविता पत्नीला दिली. विद्वान त्यावर वाद घालतात. झुकाव समजण्यासाठी त्या साक्षीची मला गरज पडत नाही. मात्र अखेरच्या कडव्यात, पाय घरी आल्याचे सांगून झाल्यावर, कवी पुन्हा वर्तुळाकडे वळतो, आणि याचा मेळ कसा घालायचा असे मुले विचारतात, तेव्हा मी तो घालून देत नाही.