‘स्टॉक्स’नंतर स्वल्पविराम नाही

संपादकांना ‘इंग्रजीतल्या गमती’ हव्या आहेत, दिवाळीला साजेशा. करारांचे इंग्रजी मसुदे तपासणं हा माझा धंदा. त्यात गंमत थोडी, भांडणं फार. परवाच एका गोदामाच्या भाडेकरारातल्या एका वाक्याचे मालकाने आणि भाडेकरूने दोन अर्थ लावले, आणि दोन्ही त्या वाक्यात होते. मसुदा माझा नव्हता, हे आधीच सांगतो.

अवघड व्याकरण म्हटलं की लोकांना शाळेतले नियम आठवतात: वाक्य ‘विथ’, ‘ऑफ’वर संपवू नका, ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये काही घुसवू नका. इंग्रजी कोशकार फाउलरने १९२६ सालीच या दोन्हींतली हवा काढली, तरी त्यावरून मला अजून दुरुस्त केलं जातं. या नियमांपायी कुणाचे पैसे बुडालेले मी पाहिले नाहीत. स्वल्पविरामापायी बुडतात.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात खाद्यपदार्थांची काही कामं जादा वेळेच्या वाढीव मजुरीतून वगळली होती. यादीचा शेवट ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असा. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नाही. मग वगळलं काय? पाठवणी किंवा वितरणासाठीचं नुसतं पॅकिंग, की वितरणही? तिथल्या ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर माल पोचवत, पॅक करत नसत; वाढीव मजुरीसाठी ते कोर्टात गेले. आता थोडं तांत्रिक, पण सोडवत नाही. यादीतली बाकी कामं ‘-इंग’ शेपटीची. ‘डिस्ट्रिब्यूशन’ मात्र ‘शिपमेंट’च्या पंक्तीत बसतं, असं ड्रायव्हरांचं म्हणणं. कंपनी म्हणे, तसं असेल तर यादीतल्या शेवटच्या कामाआधी ‘ऑर’ कुठे आहे? शिवाय शेवटचा स्वल्पविराम देऊ नका, असं राज्याची मसुदालेखन-पुस्तिकाच सांगते. खरं सांगायचं तर ‘ऑर’चा मुद्दा मला अजूनही खोडता येत नाही. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये कायदा संदिग्ध ठरवून कौल ड्रायव्हरांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये, अश्विनीकुमार घोष खटल्यात, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हं गौण मानली. पुढे मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने औषध कायद्यातल्या ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’वर बोट ठेवलं: ‘स्टॉक्स’नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून साठाही विक्रीसाठीच असायला हवा, नुसता साठा या कलमात बसत नाही. मी दोन्ही निवाडे वापरतो. कोणता, ते अशील कोण आहे यावर ठरतं. ही माझ्या पेशाची फारशी अभिमानाची बाजू नव्हे.

तुमच्या करारात चार ओळींची यादी दिसली, तर सही करण्याआधी ती तोडून, एकेक बाब वेगळ्या ओळीवर मागा. वकील कुरकुरेल, कुरकुरू द्या. मेनच्या विधिमंडळाने शेवटी तेच शहाणपण केलं: बाबींमध्ये अर्धविराम घातले आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं.