पोटरीवरची खूण

मी आज चालते, याचं श्रेय लोक डॉक्टरांना देतात. ते त्यांचं आहेच. पण माझं सर्वांत मोठं देणं आहे ते अतिदक्षता विभागातल्या रात्रपाळीच्या एका सिस्टरचं.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरेचे रुग्ण एकाएकी वाढले, त्यात मीही होते. आधी पोट बिघडलं, ते सावरलं आणि मग पायातलं बळ गेलं. जंतूंविरुद्ध शरीरानं उभी केलेली प्रतिपिंडं आपल्याच मज्जातंतूंवर उलटली होती. उपचार म्हणून शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं, वजनाच्या दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून ते काढतात. त्या माणसांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

पण याच औषधानं रक्त थोडं दाटही होतं. एरवी पोटरीचे स्नायू हलले की शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं; माझे स्नायू निपचित पडलेले. अशा पायात गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. पोटावर रोज हेपारिनची सुई होती, तरी धोका पुरता टळत नाही. मला तरी काय कळणार होतं! पाय रात्रंदिवस ठणकत होते, त्यात नवी कळ वेगळी कशी ओळखायची?

सिस्टर पहाटे टेप घेऊन माझ्या दोन्ही पोटऱ्या मोजायची. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण केलेली असे. स्पंजिंगमध्ये पुसली गेली की ती पुन्हा काढायची. एका पहाटे तिनं डावा पाय दोनदा मोजला. “बाई, ही जास्त भरतेय. मी डॉक्टरांना बोलावते.” फरक तीन सेंटिमीटरच्या वर गेला होता. डॉप्लरमध्ये मांडीच्या शिरेत गुठळी दिसली. हेपारिनची मात्रा लगेच वाढवली, पुढे काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतल्या.

तिचा अजून फोन येतो. “पाय सुजत नाही ना, बाई?” संध्याकाळी थोडा सुजतो, असं मी खरं ते सांगते. मग ती पाय उशीवर ठेवायला बजावते, आणि मी ठेवते.