पळण्याची मुभा नसलेली शर्यत

खजुरी (ता. आळंद)

आक्का,

महाराष्ट्राची हद्द इथून जवळच. कोजागिरीला कलबुर्गी भागातल्या कितीतरी बायका तुळजापूरची वाट पायी धरतात. मग चालण्यात शर्यत कसली, असं तू म्हणशील. पण आपल्या चालण्याच्या शर्यतीतल्या प्रियांका गोस्वामीचा बर्मिंगहॅमचा आकडा बघ. ६ ऑगस्ट २०२२ला राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर अंतर ४३ मिनिटं ३८.८३ सेकंदांत कापलं आणि रौप्यपदक घेतलं. म्हणजे ताशी पावणेचौदा किलोमीटर! बहुतेकांना इतक्या वेगाने तेवढं अंतर पळणंही जमायचं नाही, आणि तिला तर पळायची मुभाच नव्हती. टाच टेकली की गुडघा ताठ, आणि अंग त्या पायावर सरळ येईपर्यंत तो ताठच हवा. मागचं पाऊल सुटण्याआधी पुढची टाच जमिनीला लागलेली दिसली पाहिजे. पळणाऱ्यासारखी उसळी घेता येत नाही, म्हणून ढांग लांबवायला कंबर फिरवावी लागते. लोक ज्या हेलकाव्याला हसतात, तो या नियमांपायी येतो. यात्रेकरूच्या पायांत दम असतो हे खरंच, पण इथे दम शिगेला पोचलेला असताना स्वतःला आवरावं लागतं. म्हणूनच ही शर्यत मला मैदानातली सर्वांत कठीण कसोटी वाटते.

तुळजापूर

आक्का,

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कॅमेऱ्यात दोन्ही पाय क्षणभर अधांतरी दिसतात, मग नियम नावापुरताच का? तसं नाही. नियमच सांगतो की दोन्ही पाय सुटलेले नुसत्या डोळ्यांना दिसता कामा नयेत, आणि ही मोजपट्टी सगळ्यांना सारखीच. सहसा एका पंचाच्या लहरीवर कुणी बाद होत नाही, वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डं जमावी लागतात. तरीही डोळा चुकू शकतो, हे मी नाकारत नाही. पण या नियमाची जरब खरी आहे. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल सर्वांत पुढे होती. स्टेडियमच्या तोंडाशी, स्वतःच्या शहरात, तिला बाद केलं गेलं. तीच बाई २००४ला अथेन्समध्ये कांस्यपदक घेऊन गेली.

बायकांना झेपणार नाही, ही शंका तर आकड्यांपुढे टिकत नाही. पुरुषांना ऑलिंपिकमध्ये ही शर्यत १९०८पासून होती, बायकांना ती १९९२ साली बार्सिलोनात मिळाली. मधल्या ८४ वर्षांत बायकांचे पाय बदलले नव्हते, दार उघडणारे बदलले. आपल्याकडे खुशबीर कौरने २०१४ला इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत २० किलोमीटरचं रौप्य आणलं. पोर्तुगालच्या इनेस हेन्रिकेसने २०१७ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटर ४ तास ५ मिनिटं ५६ सेकंदांत पार केले, तो तेव्हाचा विश्वविक्रम. एवढं होऊनही ऑलिंपिकमध्ये ५० किलोमीटर बायकांच्या वाट्याला कधीच आले नाहीत, आणि टोकियोनंतर पुरुषांचेही बंद झाले.